टंच विचारता, तसं सोन्याचं गावही विचारा
वाणिज्यमंत्र्यांना एका गलाईवाल्याचं खुलं पत्र

माननीय श्री. पीयूष गोयल,
वाणिज्य व उद्योगमंत्री, भारत सरकार, यांस

स. न. वि. वि.

मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. आमचा भाग दुष्काळी, म्हणून आमचे आजे-पणजे मूस आणि चिमटा घेऊन देशभर पांगले. जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचा हा धंदा. लोक आम्हाला गलाईवाले म्हणतात. विटा, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या पट्ट्यातला एकही माणूस नाही अशी सराफ पेठ तुम्हाला शोधावी लागेल. मी दक्षिणेतल्या एका गावात चौतीस वर्षं भट्टीपुढे बसलो. आता दुकान मुलगा बघतो, मी गावी डाळिंबाच्या बागेत असतो आणि वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचतो.

पत्र सुदानबद्दल आहे. खानापूरच्या माणसाला सुदानचं काय, असं तुमच्या कार्यालयात कुणी म्हणेल. त्याचं उत्तर द्यायला मला आधी माझ्या भट्टीपाशी जावं लागेल.

धंद्यातल्या पहिल्याच वर्षी एका सराफाने गाळायला दिलेल्या पुडीत एक अंगठी होती. आतल्या बाजूने तमिळ अक्षरांत कुणाचं तरी नाव कोरलेलं. मला तेव्हा तमिळ वाचता येत नव्हतं. मूस लाल झाली, सवागी म्हणजे टाकणखार टाकला, अंगठीची कड आधी मऊ पडली आणि तिचा आकार गेला. एक क्षण ती अक्षरं वरच्या वर तरंगल्यासारखी दिसली आणि मग सपाट, चकाकता, पिवळा थेंब. मालकांना विचारलं, नाव कुणाचं असेल हो? ते म्हणाले, मुशीत गेल्यावर सोन्याला नाव नसतं आणि गावही नसतं, तू टंच बघ.

टंच म्हणजे शुद्धता. आमचं सगळं शास्त्र त्या एका प्रश्नाचं. सोन्यात तिप्पट चांदी मिसळायची, पातळ पत्रा करायचा, नायट्रिकमध्ये उकळायचा. चांदी विरघळून जाते, खाली तपकिरी भुकटी उरते, ती धुऊन गाळली की सोनं. त्या तपकिरी धुराने माझी छाती गेली आहे, पण ते दुसऱ्या पत्राचं प्रकरण. सांगायचं ते हे, की एकदा माल 995 किंवा 999 टंचाचा, म्हणजे हजारात एवढे भाग सोन्याचा, झाला की तो कोलारचा होता, कुणाच्या आजीच्या पाटल्यांचा होता की सुदानमधल्या दारफूरच्या डोंगरातला होता, हे कुणीही सांगू शकत नाही. गाळण्याआधी मात्र पुष्कळ कळतं. जुन्या दागिन्यात सांधायला वापरलेला डाख असतो, केडीएम म्हणजे कॅडमियमचा डाख असतो, तांबं असतं. खाणीतून आलेला कच्चा गोळा वेगळा दिसतो, त्यात निसर्गाने घातलेली चांदी असते, मातीतून वेगळा करायला पाऱ्याने धरलेला असेल तर जाणत्याच्या लगेच लक्षात येतं. जे विचारायचं ते भट्टीच्या अलीकडे विचारावं लागतं.

आता दारफूर.

सुदानच्या पश्चिमेला उत्तर दारफूरमध्ये जबल आमिर नावाचा डोंगर आहे. 2012 साली तिथे सोनं लागलं. आदल्याच वर्षी दक्षिण सुदान वेगळा झाला होता आणि देशाच्या खनिज तेलातला सुमारे तीन चतुर्थांश वाटा घेऊन गेला होता, त्यामुळे खार्तूमच्या सरकारला विकायला दुसरं काहीतरी हवंच होतं. हजारो माणसं कुदळ-फावडी घेऊन डोंगरावर चढली. जानेवारी 2013 मध्ये खाणींच्या ताब्यावरून रिझेगात आणि बेनी हुसेन या दोन जमातींत जुंपली. शेकडो मेले, लाखभर लोकांनी गावं सोडली. डोंगर मुसा हिलाल नावाच्या टोळीप्रमुखाकडे गेला. 2017 मध्ये मोहम्मद हमदान दगालो याने हिलालला पकडलं आणि डोंगर आपल्या ताब्यात घेतला.

हा दगालो म्हणजे हेमेदती. मूळचा उंटांचा व्यापारी. दारफूरमध्ये गावं जाळणाऱ्या जंजावीद टोळ्यांतून वर आला, आणि 2013 मध्ये सरकारने त्याच टोळ्यांना गणवेश देऊन 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' असं नाव दिलं, तेव्हा त्यांचा सेनापती झाला. पदरी सैन्य बाळगणाऱ्याला एक अडचण कायम असते, पगाराची. हेमेदतीची ती अडचण डोंगराने सोडवली. त्याच्या कुटुंबाची अल जुनैद नावाची कंपनी सोनं काढू आणि विकू लागली. सरकारी तिजोरीकडे हात पसरायची गरज न उरलेला सेनापती किती दिवस सरकारचं ऐकेल? 15 एप्रिल 2023 ला त्याची फौज आणि लष्करप्रमुख जनरल अब्देल फताह अल बुरहान यांचं सरकारी लष्कर खार्तूमच्या रस्त्यांवर एकमेकांवर तुटून पडलं.

तेव्हा आपल्या सरकारने 'ऑपरेशन कावेरी' राबवून 3,800 हून अधिक भारतीयांना, बहुतेकांना पोर्ट सुदानमार्गे, आणलं, ते चांगलं काम झालं. त्यात कर्नाटकातले हक्की पिक्की समाजाचे लोकही होते, जडीबुटी आणि केसांचं तेल विकायला थेट अल फाशेरपर्यंत पोचलेले. मला त्यांचं फार आश्चर्य वाटलं नाही. दुष्काळी मुलखातली माणसं कुठेही पोचतात. पण त्यांच्यामुळे अल फाशेर हे गाव माझ्या डोक्यात बसलं आणि मी त्याच्या बातम्या शोधून वाचू लागलो.

मे 2024 पासून हेमेदतीच्या फौजेने त्या शहराला वेढा घातला. पाचशेहून अधिक दिवस. शहराभोवती मातीचा बांध घातला, म्हणजे धान्य आत येऊ नये आणि माणूस बाहेर जाऊ नये. शेजारच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत ऑगस्ट 2024 मध्ये अन्नाचा दुष्काळ जाहीर झाला. शहरात लोक 'अंबाज' खाऊन जगत होते. अंबाज काय म्हणून बघितलं, तर शेंगदाण्याची पेंड, साहेब. तेल काढून उरलेला चोथा. आमच्याकडे म्हशीच्या आंबवणात घालतात ती. पुढे तीही संपली. 26 ऑक्टोबर 2025 ला शहर पडलं. तिथल्या सौदी प्रसूती रुग्णालयात रुग्ण आणि त्यांच्यासोबतचे मिळून 460 हून अधिक लोक मारले गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं. देशभरात घर सोडावं लागलेल्यांची संख्या एक कोटीच्या बरीच वर गेली.

या युद्धात बाहेरचे हात किती, ते तुमच्या शेजारच्या परराष्ट्र खात्याला माझ्याहून जास्त माहीत आहे. रशियाच्या वॅग्नर या भाडोत्री सैनिकांच्या गटाने मेरो गोल्ड या कंपनीच्या आडून आधीच पाय रोवले होते. लष्कराच्या पाठीशी इजिप्त आहे, ड्रोन इराण आणि तुर्कस्तानातून येतात. हेमेदतीच्या बाजूने सगळ्यात जास्त नाव येतं ते संयुक्त अरब अमिरातीचं. चाडमधल्या अमजारास विमानतळावर उतरणाऱ्या विमानांतून त्याला शस्त्रं पोचतात हा आरोप विश्वासार्ह असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी जानेवारी 2024 मध्ये नोंदवलं. दारफूरमध्ये अमिरातीत बनलेल्या चिलखती गाड्या दिसल्या आणि त्यांवर फ्रेंच बनावटीची संरक्षण यंत्रणा बसवलेली होती. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने हेमेदतीच्या फौजेने वंशसंहार केल्याचं जाहीर केलं आणि त्याच्यासोबत अमिरातीतल्या सात कंपन्यांवर निर्बंध घातले. त्यातली एक सोनं विकत घेणारी होती. अमिरातीने हे सगळं नाकारलं आहे, तेही इथे लिहायला हवं.

लष्कर तरी धुतल्या तांदळाचं आहे असं नाही. बुरहान यांच्या सरकारने मार्च 2025 मध्ये अमिरातीला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. 5 मे रोजी न्यायालयाने अधिकारक्षेत्र नाही म्हणून प्रकरण काढून टाकलं. आणि त्याच बुरहान यांच्या ताब्यातल्या खाणींचं अधिकृत सोनं बहुतांश दुबईलाच जात होतं! कोर्टात भांडण आणि पेढीवर व्यवहार एकच. भाऊबंदकीतही आम्ही असं करत नाही, निदान दोन वेगळे सराफ गाठतो.

लष्कराचं सोनं कागदावर जायचं, हेमेदतीचं सोनं चाड, लिबिया, दक्षिण सुदान अशा वाटांनी, पण शेवटचा थांबा तोच. 2022 मध्ये आफ्रिकेतून 435 टन सोनं कुठेही नोंद न होता बाहेर गेलं आणि त्यातलं 405 टन अमिरातीत पोचलं, असा स्विसएड या संस्थेचा हिशोब आहे. अमिरातीत नाव घेण्यासारखी खाण नाही. तिथे सोनं निघत नाही, गाळलं जातं. म्हणजे माझाच धंदा, फक्त मोठा.

यात सगळ्यात सोयीचा शब्द कोणता, तर 'जुनं सोनं'. कागदावर जुनं सोनं लिहिलं की खाण विचारायची सोय उरत नाही. हे मी कुणाचं ऐकून सांगत नाही. आमच्या धंद्यातही नको तो माल आला की पहिला शब्द तोच निघतो, "जुनं आहे हो, घरचं." दुबईत 2023 पासून जबाबदार खरेदीचे नियम आहेत, ते असोत. पण नियम भट्टीच्या अलीकडे किती पाळला गेला, ते भट्टीच्या पलीकडे उभं राहून आपण कसं तपासणार?

आता तुमच्याकडे येतो. भारत वर्षाला सातशे-आठशे टन सोनं आयात करतो. स्वित्झर्लंडच्या खालोखाल ते अमिरातीतून येतं. 18 फेब्रुवारी 2022 ला तुम्ही अमिरातीबरोबरच्या व्यापार करारावर सही केलीत, 1 मे पासून तो लागू झाला. त्यात तिथून येणाऱ्या सोन्याला ठरलेल्या कोट्यापर्यंत आयात शुल्कात एक टक्का सूट आहे, आणि हा कोटा वाढत वाढत वर्षाला 200 टनांपर्यंत जातो. एक टक्का म्हणजे किती? दहा ग्रॅमला एक लाख भाव धरू, 2025 मध्येच तो त्याच्या वर गेला. किलोला एक कोटी. किलोमागे एक लाखाची सूट. 200 टनांवर दोन हजार कोटी. ही सूट आपण देतो, साहेब. जो सूट देतो त्याने एखादी अट घातली तर त्यात वावगं काय?

तुमच्या खात्याला धातूच्या पोटात काय आहे ते दिसत नाही, असंही नाही. याच करारातल्या कमी शुल्काचा फायदा घेऊन प्लॅटिनमच्या नावाखाली बहुतांश सोनंच असलेला मिश्रधातू दुबईहून येऊ लागला, तेव्हा सरकारने तो ओळखला आणि 2025 मध्ये त्या आयातीवर निर्बंध आले. महसूल बुडत होता म्हणून नजर तीक्ष्ण झाली. ती तीक्ष्ण नजर मला आणखी थोडी मागे गेलेली हवी आहे, दुबईच्या पलीकडे.

दुसरी गोष्ट हॉलमार्कची. 2021 मध्ये हॉलमार्किंग सक्तीचं झालं, 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षरी क्रमांकाशिवाय दागिना विकायला बंदी आली. तेव्हा ग्राहक व्यवहार खातंही तुमच्याकडेच होतं. आमच्या लोकांनी सुरुवातीला बरीच कुरकुर केली, मीही केली. आज म्हणतो, बरं झालं. माझ्या सुनेच्या बांगडीवरचा क्रमांक मोबाइलवर टाकला की सराफ कोण, तपासणी केंद्र कोणतं, टंच किती, सगळं दिसतं. फक्त सोनं कुठल्या मातीतून आलं ते दिसत नाही.

तिसरी गोष्ट हिऱ्यांची. सिएरा लिओन आणि अंगोलात बंडखोर हिरे विकून बंदुका घेत होते, म्हणून 2003 पासून कच्च्या हिऱ्यांना किंबर्ली प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर हिरा मुंबई-सुरतेत कायदेशीर उतरत नाही. 2019 मध्ये या व्यवस्थेचं अध्यक्षपद भारताकडे होतं आणि भारताच्या बाजूने हे काम तुमचंच खातं बघतं. त्या व्यवस्थेला भोकं आहेत, ठाऊक आहे. बंडखोरांचा हिरा तेवढा वाईट, सरकारी फौजेने रक्त सांडून काढलेला चालतो, अशी तिची व्याख्या. तरीही हिऱ्याला निदान एक कागद लागतो. सोन्याला तोही नाही. युरोपीय संघाने जानेवारी 2021 पासून आपल्या आयातदारांना कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोनं या चारही धातूंचा माग ठेवायला लावलं आहे. आपण सोन्याच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक. मोठ्या गिऱ्हाइकाने पेढीवर बसून विचारलं तर सराफ उत्तर देतो, हे मला चौतीस वर्षांत पक्कं कळलंय.

आता मला हे एवढं का बोचतं, ते सांगतो. 1991 मध्ये एका रात्री पोलिसांनी मला दुकानातून उचललं. कुठल्या तरी घरफोडीतल्या चोराने माझं नाव घेतलं होतं. त्याने आणलेली साखळी मी गाळली होती, खरं आहे. ती चोरीची होती हे मला माहीत नव्हतं. अधिकारी म्हणाला, "माहीत नव्हतं चालत नाही. तू विचारलंस का, कुठून आणली?" मी विचारलं नव्हतं. दोन दिवस आत होतो. शेवटी गावाकडून पैसे मागवून तेवढ्या वजनाचं सोनं 'रिकव्हरी' म्हणून भरलं. आमच्या पट्ट्यातल्या कुठल्याही गलाईवाल्याला विचारा, असा एक तरी किस्सा निघेल. चोरीचा माल घेणाऱ्यावर आधी भारतीय दंड विधानाचं कलम 411 होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 317 आहे.

मी त्या अधिकाऱ्यावर बरीच वर्षं चिडून होतो. वय झालं तसं वाटू लागलं, त्याची पद्धत वाईट होती पण प्रश्न बरोबर होता. तोच प्रश्न दहा तोळ्यांवर मला आणि दोनशे टनांवर कुणालाच नाही, हे मात्र अजून घशाखाली उतरत नाही.

माझी मागणी मोठी नाही. सुदानचं युद्ध आपण थांबवू असं मी म्हणत नाही, अमिरातीशी भांडा असंही म्हणत नाही. तिथे आपले पस्तीस लाखांहून अधिक लोक पोट भरतात, माझा एक भाचाही त्यांतला आहे. करार मोडू नका. फक्त सवलतीच्या कोट्यात येणाऱ्या सोन्यासोबत ते कुठल्या देशातल्या कुठल्या खाणीतून निघालं, कुणी विकत घेतलं आणि कुठल्या भट्टीत गाळलं, याची लेखी नोंद मागा. जुनं सोनं म्हणत असतील तर गाळण्यापूर्वीच्या मालाच्या तपासणीचा कागद मागा. कागद नसेल तर सोनं अडवू नका, फक्त एक टक्का सूट देऊ नका. सराफ संघटना म्हणतील, धंदा महागेल. हॉलमार्कच्या वेळीही हेच म्हणालो होतो. खोटे कागद येतील, हेही खरं. पण खोटा कागद कुणीतरी सही करून द्यावा लागतो, आणि पुढे कधीतरी ती सही पकडता येते. कागदच नसेल तर पकडायचं काय?

दोन वर्षांपूर्वी पुतण्याच्या मुलाच्या पासिंग आउट परेडला खडकवासल्याला गेलो होतो. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची ती लाल दगडाची मुख्य इमारत, तिचं नाव सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या फौजांशी पूर्व आफ्रिकेत लढताना भारतीय जवान पडले, त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीचेही होते. त्या उपकाराची आठवण म्हणून तेव्हाच्या सुदान सरकारने 1 लाख पौंड दिले आणि फाळणीनंतर भारताच्या वाट्याला आलेल्या रकमेतून ही इमारत उभी राहिली. 1953 मध्ये सुदानची पहिली निवडणूक घ्यायलाही आपलेच पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन गेले होते. मुलं टोप्या उडवत होती, आयाबाया रडत होत्या, आणि मी त्या नावाच्या पाटीकडे बघत उभा होतो. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, सुदान म्हणजे कोणी साहेब होते का?

1991 च्या त्या प्रकरणानंतर मी एक वही घातली. तारीख, आणणाऱ्याचं नाव, वस्तू, वजन, आणि शेवटचा रकाना 'कुठून मिळालं'. सही येत नसेल त्याचा अंगठा. गिऱ्हाईक हसायचं, काही जण उठून दुसऱ्याकडे जायचे. अशा सत्तावीस वह्या माझ्या माळ्यावर आहेत, थोड्या कसर लागलेल्या. तुमच्या खात्याला नमुना हवा असेल तर एक वही घेऊन दिल्लीला यायची माझी तयारी आहे. तिकीट मी काढीन.

कळावे,

आपला,
एक निवृत्त गलाईवाला
ता. खानापूर, जि. सांगली